इंजिनाचं उघडं ॲल्युमिनियम: साफ कशानं करायचं आणि मग झाकायचं का?

जुनी_चाकं

नमस्कार मंडळी. साठच्या दशकातली गाडी सध्या उघडून बसलोय. इंजिन बाहेर काढून स्टँडवर चढवलंय. ब्लॉक बिडाचा आहे, तो घासून रंगवून झाला, त्यात फार डोकेफोड नव्हती. घोडं अडलंय ॲल्युमिनियमपाशी. हेड, टॅपेट कव्हर, टायमिंग कव्हर, इनटेक मॅनिफोल्ड आणि एसयू कार्बोरेटरची जोडी, हे सगळं उघड्या ॲल्युमिनियमचं आहे.

अवस्था सांगतो. हेडला बाहेरून जळक्या तेलाचा तपकिरी थर बसलाय, नखानं निघत नाही. टॅपेट कव्हर आधीच्या मालकानं पॉलिश करून वर पारदर्शक लॅकर मारलेलं. आता त्या लॅकरच्या खाली पांढऱ्या नागमोडी रेषा पसरल्यात, वरून कितीही पुसा, ढिम्म हलत नाहीत. टायमिंग कव्हरवर पाण्याच्या पंपाच्या तोंडाशी पांढरी भुकटी आणि तिच्याखाली खड्डे.

प्रश्न दोन. कशानं साफ करू? आणि साफ झाल्यावर पुन्हा लॅकर मारू की उघडंच ठेवू? गाडी चालवायची आहे, पावसातही निघेल. नुसती प्रदर्शनात उभी करायची नाही.

पाना_तेरा

ओव्हन साफ करायचा फवारा मिळतो तो मारा, पाच मिनिटं थांबा, पाण्यानं धुवा. संपला धागा.

गॅस्केट

धागा संपला की हेड संपलं?

सामू_सात

तेरा, हा सल्ला फार फिरतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ॲल्युमिनियम मुळात खूप क्रियाशील धातू आहे. तो टिकतो ते केवळ हवेत आल्याबरोबर त्यावर ऑक्साइडचा पापुद्रा धरतो म्हणून. हा पापुद्रा काही नॅनोमीटर जाडीचा, पण घट्ट आणि सलग. अडचण अशी की हा ऑक्साइड उभयधर्मी आहे, आम्लातही विरघळतो आणि अल्कलीतही. साधारण सामू (पीएच) साडेचार ते साडेआठ या पट्ट्यात तो सुखी असतो. ओव्हनच्या बहुतेक फवाऱ्यांत कॉस्टिक सोडा असतो, त्याचा सामू तेराच्या वर. तो आधी पापुद्रा खातो आणि मग खालचा धातू खायला लागतो. फेस येतो ना, तो मळाचा नव्हे, हायड्रोजन सुटत असतो.

वर इंजिनाचे ओतीव भाग म्हणजे शुद्ध ॲल्युमिनियम नसतं. साचा नीट भरावा म्हणून त्यात सिलिकॉन घालतात, पाच-सात टक्क्यांपासून बारापर्यंत. कॉस्टिक ॲल्युमिनियम खातो, सिलिकॉन तसाच मागे ठेवतो. म्हणून धुतल्यावर भाग काळपट राखाडी दिसतो आणि बोटाला काजळी लागते. मिश्रणात तांबं असेल तर अजून काळं.

पाना_तेरा

पण मी वापरलाय हो, लखलखीत निघालं होतं. आता डोळ्यांवर विश्वास ठेवू की सामूवर?

सामू_सात

दोन्हींवर ठेवा, पण आधी डब्यामागचं लेबल वाचा. काही फवारे कॉस्टिकविरहित असतात, तसला असेल. किंवा लगेच धुतला असेल. पहिल्या मिनिटात नवा धातू उघडा पडतो आणि चमकतो, काळपटपणा नंतर येतो. कोपऱ्यांत आणि बोल्टच्या भोकांत राहिलेला कॉस्टिक मात्र पुढेही काम करत राहतो. गॅस्केट बसतं त्या सपाट पृष्ठभागावर असं खाल्लं गेलं की हेड पुन्हा मशीनवर टाकावं लागतं.

सावकाश

म्हणजे धुण्याचा सोडाही नको?

सामू_सात

गरम पाण्यात, जास्त वेळ, नको. भांडी धुण्याच्या यंत्राची पावडरसुद्धा नको. लोक कार्बोरेटर त्यात घालतात आणि राखाडी करून बाहेर काढतात. ॲल्युमिनियमसाठी म्हणून जे अल्कली क्लीनर बनवतात त्यांत सिलिकेट घातलेलं असतं, ते धातूला राखतं. पाण्यावर चालणारा डिग्रीजर घ्यायचाच तर 'ॲल्युमिनियमला सुरक्षित' असं स्पष्ट लिहिलेला घ्या.

बुडबुडे

मग आम्ल? चाकं उजळवायचं ॲसिड मिळतं, मिनिटात पांढरं शुभ्र करतं.

सामू_सात

त्यातल्या बऱ्याच बाटल्यांत हायड्रोफ्लोरिक आम्ल किंवा अमोनियम बायफ्लोराइड असतं. त्याला हात लावू नका. त्वचेवर पडलं तर सुरुवातीला कधीकधी दुखतही नाही. ते आत शिरून शरीरातलं कॅल्शियम बांधून ठेवतं आणि हृदयाच्या ठोक्यांपर्यंत गडबड करू शकतं. जिथं ते वापरतात तिथं कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल हाताशी ठेवतात आणि अंगावर पडल्यास थेट दवाखाना गाठतात. टॅपेट कव्हर चमकावण्यासाठी एवढा खेळ कशाला?

आम्ल लागणारच असेल, म्हणजे पांढरे ऑक्साइडचे डाग असतील, तर पातळ फॉस्फोरिक किंवा सायट्रिक. थोडा वेळ, मग भरपूर पाणी. आणि काहीही झालं तरी दोन रसायनं एकत्र करू नका.

आप्पा_गॅरेज

सामूताईंनी शास्त्र सांगितलं. आता हाताचं काम कसं करायचं ते सांगतो. माझा साधा नियम, सगळ्यात मवाळ उपायानं सुरुवात करायची आणि तो थकला की मगच पुढची पायरी.

आधी खरवडणी. लाकडाची किंवा प्लास्टिकची पट्टी घ्या, स्क्रूड्रायव्हर नाही. ॲल्युमिनियमवर पडलेला ओरखडा गॅस्केटखाली आला की तिथनं तेल पाझरणार. मग रॉकेल आणि नायलॉनचा ब्रश. भाग रॉकेलमध्ये रात्रभर बुडवून ठेवलात तर अर्धं काम झोपेत होतं. जळकं तेल तरीही धरून बसलं तर पितळी तारेचा ब्रश, हलक्या हातानं. पोलादी तारेचा ब्रश आणि स्टील वूल वर्ज्य. त्यांचे बारीक कण मऊ ॲल्युमिनियममध्ये रुततात, पुढं तेच गंजून तपकिरी ठिपके होतात आणि लोक म्हणतात ॲल्युमिनियमला गंज आला.

रॉकेलनंतर साबणाचं गरम पाणी, मग साधं गरम पाणी, शेवटचा हात शक्य असेल तर बॅटरीत घालायच्या शुद्ध पाण्याचा, म्हणजे क्षारांचे ठिपके उरत नाहीत. लगेच हवेच्या दाबानं वाळवा. भोकं, आटे, तेलाच्या वाटा, सगळीकडे हवा मारायची.

एक विसरतात लोक. जुन्या ओतीव कामाला सूक्ष्म छिद्रं असतात आणि त्यांत वर्षानुवर्षांचं तेल मुरलेलं असतं. वरून चकचकीत झालेला भाग गरम करा, घाम फुटल्यासारखं तेल वर येतं. रंग किंवा लॅकर मारायचा विचार असेल तर भाग आधी तापवून, पुसून, परत तापवून घ्या. नाहीतर पहिल्याच लांब फेरीत लॅकरखाली फोड.

गॅस्केट

तापवायला ओव्हन लागणार. म्हणजे शेवटी ओव्हन आलाच! तेरा, तुम्ही अगदीच चूक नव्हता.

पाना_तेरा

धन्यवाद. मी दूरदृष्टीचा माणूस आहे.

हवाथंड

सगळ्यांनाच एक विनंती. साफ करण्याआधी ते ॲल्युमिनियमच आहे याची खात्री करा. पांढरट हलका धातू दिसला की आपण ॲल्युमिनियम म्हणून मोकळे होतो. जुन्या फोक्सवॅगन बीटलचा क्रँककेस, म्हणजे क्रँक ज्यात फिरतो ते इंजिनाचं कवच, मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा असतो. पोर्शे ९११ चाही १९६८ पासून १९७७ पर्यंत बहुतेक मॉडेलांत मॅग्नेशियमचाच होता. त्या काळातल्या काही शर्यतीच्या चाकांचंही तेच.

मॅग्नेशियम आम्लाला अजिबात दाद देत नाही. मी 'दाद देत नाही' म्हणतोय खरं, पण ते उलट आहे, ते फारच दाद देतं :) विरघळत जातं. आडबाजूला, न दिसणाऱ्या जागी थोडं खरवडून व्हिनेगरचा एक थेंब टाका. लगेच बुडबुडे आले तर मॅग्नेशियम, काहीच झालं नाही तर ॲल्युमिनियम. लगेच पुसून पाण्यानं धुवा. वजनावरूनही कळतं: मॅग्नेशियमची घनता १.७४, ॲल्युमिनियमची २.७, आणि जस्ताच्या ओतीव मिश्रणाची साडेसहाच्या पुढं.

आणि मॅग्नेशियमचा कीस पेटला तर पाणी ओतू नका. पाण्यातनं हायड्रोजन सुटतो आणि आग भडकते. त्यासाठी कोरडी वाळू किंवा धातूच्या आगीसाठीचा वेगळा विझवणारा पदार्थ लागतो.

जुनी_चाकं

हवाथंड, आता घाबरून सगळे भाग तपासले. ॲल्युमिनियमच निघाले. कार्बोरेटरचं काय? एसयूचं अंग ॲल्युमिनियमचं असतं ना?

हवाथंड

हो, एसयूचं अंग आणि वरचा घुमट दोन्ही ॲल्युमिनियमचे. पण इतर अनेक जुन्या कार्बोरेटरांची आणि पेट्रोल पंपांची अंगं जस्ताच्या मिश्रणाची असतात, त्यांना कॉस्टिक आणि आम्ल दोन्ही झेपत नाही. त्यांच्यावरचा सोनेरी मुलामाही क्रोमेटचा असतो, घासून काढलात तर घरी परत आणता येत नाही.

कार्बोरेटरकाकू

एसयूचा विषय निघाला म्हणून आत शिरते. घुमटाला बाहेरून हवं तेवढं पॉलिश करा, आरसा करा. आतून पॉलिश पेपर लावायचा नाही. घुमट आणि आतला पिस्टन ही जुळवून बसवलेली जोडी असते, मधली फट अगदी थोडी. तिच्यातूनच पिस्टन किती वर उचलला जाईल ते ठरतं. आतून घासलंत की फट वाढते, निर्वात गळतो आणि मग मिश्रण जुळवता जुळवता जीव जातो. आतून फक्त पेट्रोल किंवा थिनरनं ओलं केलेलं कापड. दोन कार्बोरेटर असतील तर घुमट-पिस्टनच्या जोड्यांची अदलाबदल होऊ देऊ नका, आधी खुणा करा.

अल्ट्रासॉनिक टाकी असेल तर उत्तम. पन्नास-साठ अंश पाणी, सौम्य द्रावण, थोडा थोडा वेळ. मधेमधे बाहेर काढून बघत राहा. टाकी काम करते की नाही हे बघायला ॲल्युमिनियम फॉइलची पट्टी उभी बुडवा, मिनिटभरात तिला बारीक भोकं पडायला हवीत. त्यातच हेही कळतं की जास्त वेळ ठेवलं तर मऊ धातूचं काय होतं.

शून्यखुणा

हे सगळं हातानं घासत बसण्यापेक्षा ब्लास्टिंग करून आणा की, जोरानं बारीक कण मारून साफ करतात ते. अर्ध्या दिवसात नवं कोरं.

आप्पा_गॅरेज

कुठलं ब्लास्टिंग ते महत्त्वाचं. कोरडी वाळू मारलीत तर पृष्ठभाग खडबडीत होतो, मळ दुप्पट धरतो. वाळूच्या धुळीनं फुप्फुसांची वाट लागते ते वेगळंच. काचेचे मणी कोरडे मारले तर बरं दिसतं, पण थोडं निर्जीव पांढरट.

मला स्वतःला व्हेपर ब्लास्टिंग आवडतं. पाणी आणि काचेचे बारीक मणी एकत्र मारतात. पाण्यामुळे मणी कापत नाहीत, पृष्ठभाग ठोकून बसवतात, आणि साच्यातून निघालेल्या ओतीव कामाचा जो मूळ रेशमी पोत असतो त्याच्या जवळ जातं. छिद्रं थोडी मिटल्यामुळे मळही कमी धरतो.

नाव_नको

आप्पा, दिसतं सुंदर, मान्य. पण माझा ब्लास्टिंगला हेडच्या बाबतीत विरोध आहे, आणि तो कायम राहील. काच म्हणजे घासणारा पदार्थ. हेडमधल्या तेलाच्या वाटा, बोल्टची बंद भोकं, व्हॉल्व्ह गाइडच्या भोवतीचे कोपरे, इथं एक मूठ मणी लपून बसले तर इंजिन सुरू झाल्यावर तेल त्यांना थेट बेअरिंगपर्यंत नेतं. बेअरिंगचा थर मऊ असतो, कण त्यात रुततो आणि क्रँकचा जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारा भाग, घासत बसतो. धुतलं, हवा मारली, असं सगळेच म्हणतात.

टॅपेट कव्हरच्या आत तेल गाळायची जाळी आणि पत्र्याचा पडदा असतो ना? त्याच्या मागे मणी अडकले की बाहेर काढणं अशक्य. पडदा रिव्हेट केलेला असेल तर तो काढल्याशिवाय कव्हर ब्लास्टिंगला देऊच नये.

आप्पा_गॅरेज

मुद्दा बरोबर, निष्कर्ष नाही. भोकांत रबरी बुचं, आट्यांत जुने बोल्ट, तेलाच्या वाटांचे प्लग आधी काढून, नंतर बाटलीच्या ब्रशनं आरपार धुवायचं, मग नवे प्लग. जो माणूस प्लग काढायला कंटाळतो त्यानं ब्लास्टिंग करू नये, इथपर्यंत तुमच्याशी सहमत.

नाव_नको

माणसं कंटाळतातच, आप्पा. म्हणून तर नियम कडक हवा.

शून्यखुणा

खाण्याच्या सोड्याचं ब्लास्टिंग? तो पाण्यात विरघळतो म्हणे.

नाव_नको

विरघळतो, म्हणून आतल्या भागांसाठी तोच त्यातल्या त्यात बरा. कार्बन आणि रंग काढतो, धातूला जवळपास हात लावत नाही. पण नंतर नीट धुतलं नाही तर वरचा रंग धरत नाही. आणि सोड्यानं खरा ऑक्साइडचा डाग जात नाही, तेवढा दम त्यात नसतो.

बेअरिंगच्याच कारणासाठी स्कॉच-ब्राइटच्या फिरत्या चकत्यांनी हेडचा पृष्ठभाग साफ करू नका. त्यांत ॲल्युमिनियम ऑक्साइडचे धारदार कण असतात आणि ते उडून तेलात जातात. काही वाहन कंपन्यांनी त्यांच्या कारागिरांना याबद्दल लेखी ताकीद दिलेली आहे, कारण नव्यानं बांधलेल्या इंजिनांची बेअरिंगं जायला लागली होती.

मुक्काम_पोस्ट

धागा वाचून माझी गाडी विकायचं ठरवलं आहे.

सामू_सात

जाता जाता अजून एक. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरनं भाग पुसून मग वेल्डिंगला किंवा भट्टीत देऊ नका. उष्णतेत आणि आर्कच्या प्रकाशात त्यातून फॉस्जिन तयार होऊ शकतो, तो पहिल्या महायुद्धात वापरलेला विषारी वायू. टायमिंग कव्हरचे खड्डे वेल्ड करून घेणार असाल तर आधीच सांगून ठेवते. वेल्डिंगच्या आधी ॲसिटोन, आणि तेही पूर्ण उडून गेल्यावरच.

मुक्काम_पोस्ट

विकली.

कार्बोरेटरकाकू

थोडं विषयांतर, हलके घ्या. एवढं घासून घासून ज्याला आपण कंटाळतो तो धातू एकेकाळी मिरवायचा होता. वॉशिंग्टनच्या स्मारकाच्या टोकावर १८८४ साली जो मुकुट बसवला तो ॲल्युमिनियमचा होता, जेमतेम पावणेतीन-तीन किलोचा. लगेच दोन वर्षांनी, १८८६ मध्ये, विजेनं ॲल्युमिनियम काढायची पद्धत हॉल आणि एरू या दोघांना वेगवेगळी सापडली आणि त्याची मिजास संपली. १९०३ मध्ये राइट बंधूंनी जे इंजिन उडवलं त्याचा क्रँककेस ओतीव ॲल्युमिनियमचा, आठ टक्के तांबं घातलेला.

सामू_सात

विषयांतर कसलं, विषयच आहे. तांब्यानं ताकद येते पण गंजायला सोपं होतं. म्हणूनच काही जुने ओतीव भाग दुसऱ्यांपेक्षा लवकर पांढरे पडतात, मालकानं सारखीच काळजी घेतली तरी. दोन भाग शेजारी शेजारी असून एकच खराब झाला, तर तो वेगळ्या मिश्रणाचा असू शकतो.

दालन_क्रमांक_४

मी इथं वेगळा सूर लावतो. सगळेजण चमकवायच्या मागे का आहेत? कारखान्यातून निघताना हे भाग चमकत नव्हते. जॅग्वारच्या एक्सके इंजिनाची कॅम कव्हरं पॉलिश केलेली यायची, ते ठीक. पण बहुतेक गाड्यांचं टायमिंग कव्हर आणि मॅनिफोल्ड साच्यातून निघाल्यासारखं, किंचित खरखरीत, मंद राखाडी. त्यावर ओतकामाच्या खुणा, भागाचा क्रमांक, ओतल्याची तारीख. बफिंगच्या चाकाखाली ती अक्षरं पुसट झाली की गाडीचा एक कागद फाडल्यासारखं आहे. मूळ रूप जपणाऱ्या स्पर्धांमध्ये परीक्षक जास्त झळाळीचे गुण कापतात, वाढवत नाहीत.

पाना_तेरा

माझी गाडी, माझं बफिंग.

दालन_क्रमांक_४

अर्थात. पण धागाकर्ता विचारतोय टिकेल कसं, आणि आरसा सगळ्यात कमी टिकतो. मंद पृष्ठभागावर थोडा ऑक्साइड वाढला तर कळतही नाही. आरशावर बोटाचा ठसासुद्धा महिनाभर दिसतो.

आप्पा_गॅरेज

चार नंबर म्हणतात ते खरं आहे. तरी ज्यांना आरसाच हवा त्यांच्यासाठी: ४०० चा पॉलिश पेपर, मग ६००, ८००, १२००, प्रत्येक वेळी आधीच्या ओरखड्यांच्या आडव्या दिशेनं, पेपर रॉकेलमध्ये भिजवून, म्हणजे तो ॲल्युमिनियमनं भरत नाही. मग कापडी चाक आणि कापणारं कंपाउंड, शेवटी मऊ चाक आणि बारीक कंपाउंड. प्रत्येक कंपाउंडला वेगळं चाक. ऑटोसोलसारखं पेस्ट पॉलिश फक्त शेवटच्या हातासाठी, ओरखडे काढायला नाही. आणि ॲल्युमिनियमची धूळ साठू देऊ नका, ती पेटते. पोलाद घासता त्याच जागी, ठिणग्या उडतात तिथं, तर अजिबातच नाही.

जुनी_चाकं

भरपूर शिकलो. हेड रॉकेल आणि पितळी ब्रशनं बरंच निघालंय, ब्लास्टिंगला देणार नाही (नाव_नको, तुम्ही घाबरवलंत). टॅपेट कव्हरचं लॅकर कॉस्टिक नसलेल्या पेंट रिमूव्हरनं निघालं, खाली त्या नागमोडी रेषा धातूत किंचित कोरलेल्या आहेत. आता माझा दुसरा प्रश्न अजून तसाच आहे हो. झाकायचं का?

सामू_सात

त्या रेषा लॅकरमुळेच आहेत. याला तंतुमय गंज म्हणतात. लॅकरला कुठंतरी टवका उडतो, कडेला किंवा बोल्टच्या डोक्याखाली, तिथनं ओल आणि मीठ आत शिरतं आणि लॅकरच्या खालून वाट काढत पुढं सरकतं. उघड्या धातूवर तीच ओल वाळून गेली असती. लॅकर तुटलं की ते धातूला वाचवत नाही, ओल धरून ठेवतं. म्हणून माझं मत: चालवायच्या गाडीवर, गरम होणाऱ्या ॲल्युमिनियमवर लॅकर नको.

शून्यखुणा

असहमत. चांगलं दोन घटकांचं क्लिअर लॅकर, नीट साफ केलेल्या आणि किंचित खरबरीत केलेल्या पृष्ठभागावर, वर्षानुवर्षं टिकतं. टॅपेट कव्हर फार तापत नाही. लोक काय करतात, पॉलिश केलेल्या आरशावर डब्यातला फवारा मारतात. त्याला धरायला जागाच नसते, मग लॅकरला शिव्या.

सामू_सात

म्हणजे लॅकर टिकायला आरसा घालवायचा. मग आरसा कशाला केला?

शून्यखुणा

मंद पृष्ठभाग ठेवणाऱ्यांसाठी म्हणतोय मी! चार नंबर खूश होतील.

दालन_क्रमांक_४

मी खूश नाही. लॅकरनं मंद राखाडी ओलसर-चकचकीत दिसतं, प्लास्टिकसारखं.

बुडबुडे

अनोडायझिंग करून टाका, विषय संपेल.

सामू_सात

पत्र्यावर, कातीव भागावर छान बसतं. सिलिकॉन भरपूर असलेल्या ओतीव भागावर थर सलग येत नाही, काळपट डागाळ दिसतं. शिवाय पाच ते पंचवीस मायक्रॉनचा थर चढला की घट्ट बसणाऱ्या जागांची मापं बदलतात. क्रोमेटचा मुलामा विमानांच्या ॲल्युमिनियमला देतात, तो खरंच चांगला आहे आणि सोनेरी छटा येते. पण जुन्या पद्धतीतलं सहासंयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे, घरी करायचं काम नव्हे. त्रिसंयुजी प्रकार मिळतो, तो जवळपास रंगहीन असतो.

हवाथंड

मी काय करतो ते सांगतो. विमानांसाठी बनवलेलं गंजरोधक तेल येतं, एसीएफ-५० आणि तसलंच इतरही. कापडावर घेऊन अगदी पातळ हात फिरवायचा. ते ओलीला बाजूला सारतं आणि बारीक फटींत शिरतं. दिसत नाही. काही महिन्यांनी परत. तोटा: जास्त लावलंत तर धूळ धरतं, आणि एक्झॉस्टजवळच्या भागावर उडून जातं.

आप्पा_गॅरेज

डब्ल्यूडी-४० नं हेच काम होतं असं लोक समजतात. ओल हटवायला ठीक, पण टिकत नाही.

मेणाचंही बोलतो. गाडीच्या अंगाला लावतो ते कार्नौबा मेण ८२ ते ८६ अंशांना वितळतं. हेड त्याहून जास्त तापतं, म्हणजे तिथं ते वाहून जाणार. टॅपेट कव्हर, मॅनिफोल्डचा लांबचा भाग, डायनॅमोचं अंग, इथं चालतं. भाग कोमट असताना लावा, चांगलं पसरतं.

कार्बोरेटरकाकू

संग्रहालयांत धातूच्या वस्तूंवर मायक्रोक्रिस्टलाइन मेण लावतात. पॉलिश केलेल्या घुमटांवर मी तेच लावते, बोटांचे ठसे धरत नाहीत. पेट्रोल सांडलं की मात्र निघून जातं, आणि कार्बोरेटरवर पेट्रोल सांडणार नाही असं म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय.

नाव_नको

एवढ्या चर्चेत मूळ शत्रू राहिला. उघडं ॲल्युमिनियम नुसत्या हवेनं मरत नाही. ते मरतं मीठ, साचलेलं पाणी आणि पोलादाच्या शेजारामुळे. ओल असताना पोलादी बोल्ट आणि ॲल्युमिनियम मिळून एक छोटा विद्युतघट होतो, आणि त्यात झिजणारा गडी ॲल्युमिनियम. बोल्ट काढताना पांढरी भुकटी निघते ती हीच.

बोल्ट जस्ताचा मुलामा असलेले घ्या, आट्यांना ॲन्टी-सीझ, म्हणजे आटे जाम होऊ न देणारी पेस्ट, लावा. निकेलचं किंवा ॲल्युमिनियमचं. तांब्याचं नको, कारण तांबं या शेजारात पोलादापेक्षा वाईट. ॲन्टी-सीझ लावल्यावर आटे निसरडे होतात, तेव्हा कोरड्या आट्यांसाठी दिलेल्या टॉर्कनं आवळलं तर बोल्ट जास्त ताणला जातो आणि ॲल्युमिनियमचे आटे सुटतात. हेडच्या बोल्टला मात्र कंपनीच्या पुस्तकात आटे तेलकट की कोरडे असं जे लिहिलंय तेच करा, माझं ऐकू नका. आणि हेड गरम असताना बोल्ट सैल करू नका. ॲल्युमिनियम पोलादाच्या साधारण दुप्पट प्रसरण पावतं, हेड वाकतं.

जुनी_चाकं

आणि टायमिंग कव्हरचे खड्डे?

नाव_नको

ते बाहेरून आलेले नाहीत. पंपाजवळ आहेत म्हणजे आतल्या पाण्याची करामत. नुसतं पाणी किंवा कैक वर्षं न बदललेला कूलंट. कूलंटमधले गंजरोधक घटक संपले की ग्लायकॉल हळूहळू आम्लधर्मी होतं, आणि तुमच्या इंजिनात बिडाचा ब्लॉक आणि ॲल्युमिनियमचं कव्हर एकाच पाण्यात बसलंय. मुळावर उपाय म्हणजे ॲल्युमिनियमला चालणारा कूलंट, शुद्ध पाण्यात, ठरल्या वेळी बदलून. इंजिनाच्या अर्थिंगची पट्टीही एकदा बघा, तुटकी असेल तर वीज कूलंटमधून वाट शोधते.

खड्डे गॅस्केटच्या जागेवर असतील तर टिग वेल्डिंगनं भरून सपाट करून घ्यावे लागतील. वेल्डरला आधीच सांगा की जुनं ओतीव आहे, तेल मुरलेलं आहे, तापवून घे. गॅस्केटच्या जागेबाहेर, पाण्याच्या वाटेत असतील आणि भिंत अजून जाड असेल, तर ॲल्युमिनियमची भुकटी असलेलं, उष्णता सोसणारं इपॉक्सी चालतं.

जुनी_चाकं

एक खड्डा गॅस्केटच्या कडेला थोडा शिरलाय. म्हणजे वेल्डिंग. बाकीचं असं ठरवलंय: हेड नुसतं साफ, वर काही नाही. टॅपेट कव्हरच्या रेषा १२०० पर्यंत घासून काढणार, आरसा नाही, मंद झळाळी, आणि मेण. मॅनिफोल्ड व्हेपर ब्लास्टिंगला, आतल्या सगळ्या वाटा धुवून, आणि मग हवाथंड म्हणतात ते तेल. घुमट बाहेरून पॉलिश, आतून फक्त कापड.

नाव_नको

मॅनिफोल्डही आतून धुवायचं म्हणजे धुवायचं. त्यातली काच बेअरिंगमध्ये नाही, थेट सिलेंडरमध्ये जाते.

शून्यखुणा

टॅपेट कव्हरला मेणाऐवजी सिरॅमिक कोटिंगचा विचार करा, गाडीच्या रंगावर लावतात ते. उष्णता मेणापेक्षा जास्त सोसतं. सोलून निघत नाही, झिजत जातं, त्यामुळे सामूताईंची तंतुमय भीतीही नाही.

सामू_सात

त्याला माझी हरकत नाही. फक्त लावायच्या आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पॉलिशचा तेलकटपणा पूर्ण काढा, नाहीतर ते पॉलिशच्या थरावर बसेल, धातूवर नाही.

पाना_तेरा

आणि माझा ओव्हनचा फवारा?

आप्पा_गॅरेज

ब्लॉक बिडाचा आहे ना, त्याला चालला असता. पण तो रंगवून झालाय. उशीर केलात.